चमक केसाच्या आत नसते

डोक्यावरचा एक लांब केस घ्या. मुळाकडचं टोक एका हाताच्या चिमटीत धरा आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं मुळापासून शेंड्यापर्यंत हलकेच फिरवा. बोटं सुळकन घसरतात. आता उलट, शेंड्याकडून मुळाकडे फिरवा. बारीकशी अडवणूक जाणवेल, मांजरीच्या अंगावरून उलटा हात फिरवल्यासारखी. केसाच्या चमकेचं सगळं गणित त्या अडवणुकीत आहे. निस्तेज केसांवर काय चालेल आणि काय फुकट जाईल, हे तिथूनच कळतं.

केसाच्या बाहेरच्या बाजूला खवले असतात. कौलारू छपरावर कौलं जशी एकावर एक चढवलेली असतात, तसे हे खवले मुळाकडून शेंड्याकडे तोंड करून बसलेले असतात. त्यांना क्युटिकल म्हणतात. एकेक खवला मिलिमीटरच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतका पातळ असतो आणि असे पाच ते दहा थर मिळून केसाचं कवच तयार होतं. आत कॉर्टेक्स, म्हणजे केराटिन या प्रथिनाच्या तंतूंचा पीळ. केसाची ताकद आणि रंग या पिळात असतो. चमक मात्र वरच्या कवचाची.

आरसा चमकतो आणि चुन्याची भिंत चमकत नाही, यात रंगाचा संबंध नाही. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एकाच दिशेने परततो, खडबडीत पृष्ठभागावरून तो चहूकडे विखुरतो. केसाचंही तसंच. खवले चपटे बसलेले असतील तर प्रकाशाचा एक स्वच्छ पट्टा डोळ्यांपर्यंत येतो. खवल्यांच्या कडा उचकटल्या, तुटल्या, झिजल्या की तोच प्रकाश विखुरतो आणि केस धुरकट दिसतात.

पण एकट्या केसाच्या गुळगुळीतपणाने भागत नाही. हजारो केस एकमेकांना समांतर पडलेले असावे लागतात. म्हणून कुरळे केस पूर्ण निरोगी असले तरी सरळ केसांइतके चमकत नाहीत. प्रत्येक वळणावर प्रकाशाची दिशा बदलते. कुरळ्या केसांच्या लोकांनी हे एकदा मनावर घ्यावं, कारण नसलेला आजार बरा करण्यात त्यांचा बराच वेळ आणि पैसा जातो.

रंगाचा वाटा वेगळा आहे. काही प्रकाश केसाच्या आत शिरतो, आतल्या भिंतीवर आपटून पुन्हा बाहेर पडतो. गडद केसांत तो रंगद्रव्यात जिरून जातो, त्यामुळे वरचा पांढरा पट्टा उठून दिसतो. फिकट केसांत तो आतला प्रकाशही बाहेर येतो आणि पट्टा सौम्य करतो. ब्लीच केलेल्या केसांवर म्हणून दुहेरी मार बसतो: रंगद्रव्य गेलं, शिवाय पृष्ठभागही झिजला. ॲनिमेशनमधले केस खरे दिसावेत यासाठी संगणकावर चित्रं घडवणाऱ्या काही शास्त्रज्ञांनी २००३ साली याचं नेमकं गणित मांडलं. केसावर चमकेचे पट्टे दोन असतात, पहिला प्रकाशाच्या रंगाचा आणि किंचित मुळाकडे सरकलेला, दुसरा केसाच्या रंगाचा आणि शेंड्याकडे सरकलेला. खवले जेमतेम दोन-तीन अंशांनी कललेले असतात म्हणून हे होतं. उन्हात उभ्या असलेल्या एखाद्या तपकिरी केसांच्या माणसाकडे लक्ष देऊन बघा, दोन्ही पट्टे दिसतील.

आता थोडी कडू गोष्ट. त्वचेबाहेर आलेला केस मेलेला असतो. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही, एकही जिवंत पेशी नाही, म्हणूनच तर कापताना दुखत नाही. खरचटलेली त्वचा भरून येते, केसाचा तुटलेला खवला भरून येत नाही. तेव्हा ‘केसांना पोषण’ हे बाटल्यांवर छापलेले शब्द मला नेहमी थोडे गमतीशीर वाटतात. पोषण होतं ते मुळाचं, टाळूच्या आत. बाहेरच्या केसाला आपण माखू शकतो, गुळगुळीत करू शकतो, पुढच्या झिजेपासून वाचवू शकतो. जेवू घालू शकत नाही.

शिवाय केसाला वय असतं. तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे तीस सेंटिमीटर लांब केसाचा शेंडा अडीच वर्षांचा झाला. त्या अडीच वर्षांतलं प्रत्येक धुणं, प्रत्येक गुंता, प्रत्येक इस्त्री आणि ऊन त्याने सोसलं आहे. मुळाजवळचे दोन सेंटिमीटर मात्र अगदी कोरे. एकाच केसाच्या दोन टोकांची गरज सारखी नसते, तरी आपण दोन्हीवर एकच शाम्पू, एकच तेल, एकच कंडिशनर सारख्या हाताने चोळतो.

निस्तेज म्हणजे खराब, असं नाही

उपाय करण्याआधी चमक नेमकी कशाने गेली ते बघायला हवं. पुष्कळदा केस खराब झालेलेच नसतात, त्यांच्यावर फक्त पुटं चढलेली असतात. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार, जेल आणि स्प्रेचे थर, न निघालेलं तेल यांचा एक मळकट पापुद्रा खवल्यांवर बसतो. असे केस धुतल्यावरही जड, चिकट किंवा राखेसारखे दिसतात. त्यांच्यावर आणखी मास्क आणि सीरम थापणं म्हणजे मळक्या काचेवर पॉलिश करणं. इथे क्लॅरिफायिंग शाम्पू, म्हणजे जोरकस सफाई करणारा शाम्पू, एकदा वापरून बघावा. पाणी जड असेल तर चिलेटिंग शाम्पू. त्यात ईडीटीएसारखी द्रव्यं असतात, ती धातूंचे क्षार पकडून पाण्याबरोबर घेऊन जातात. एका धुण्यात फरक दिसला तर निदान बरोबर ठरलं. हे शाम्पू रोज वापरायचे नाहीत, महिन्यातून एक-दोनदा पुरे.

दुसरी शक्यता, केस नुसते विस्कटलेले आहेत, हवेतल्या दमटपणाने किंवा घर्षणाने. तिसरी शक्यता म्हणजे खरी झीज. ती ओळखायची खूण अशी: मुळाजवळचा भाग तुकतुकीत आणि खालचा राठ, शेंड्यांना फाटे फुटलेले, ओले केस एकमेकांत अडकणारे, आणि पाण्याचा थेंब टाकला तर मुळाकडे तो मोत्यासारखा उभा राहतो पण शेंड्याकडे पसरतो. केस पेल्यातल्या पाण्यात टाकून तो बुडतो की तरंगतो हे बघायची एक चाचणी सगळीकडे फिरते. तिच्यावर विसंबू नका. स्वच्छ धुतलेला आणि तेलकट केस केवळ पाण्याच्या पृष्ठताणामुळे वेगवेगळे वागतात.

थेंबाची खूण का चालते, हे समजून घेण्यासारखं आहे. निरोगी केसाच्या अगदी वरच्या बाजूला स्निग्धाम्लाचा एक थर असतो, एका रेणूइतका जाड. १८-एमईए या नावाने तो ओळखला जातो. हा वरून लावलेल्या तेलासारखा नाही, तो खवल्याला रासायनिक बंधाने जोडलेला असतो. पाणी दूर ठेवणं आणि केसावरून केस घसरू देणं, ही त्याची दोन कामं. कायमचा रंग आणि ब्लीच यांत हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियासारखा अल्कली असतो. हे मिश्रण खवले फुगवून आत शिरतं, रंगद्रव्य फोडतं आणि जाताना हा थरही घेऊन जातं. केसाच्या तेवढ्या लांबीवर तो पुन्हा उगवत नाही. मग पृष्ठभाग पाणी ओढतो, घर्षण वाढतं, त्याने खवले आणखी तुटतात. ब्लीच केल्याला महिने उलटले तरी केस बिघडतच जातात असं वाटतं, ते खोटं नसतं. ब्लीचने फक्त सुरुवात केली, पुढचं काम कंगव्याने आणि टॉवेलने केलं.

पाणीही तेवढं निरुपद्रवी नाही. केस स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास पाणी शोषू शकतो आणि त्याची जाडी साधारण पंधरा टक्क्यांनी वाढते. आतला भाग फुगला की वरचे खवले उचलले जातात. केराटिनच्या साखळ्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंधही ओलेपणी सुटतात, त्यामुळे ओला केस ताणला जातो आणि लवकर दुखावतो. ओल्या केसांवर टॉवेल खसाखसा घासणं ही म्हणूनच सगळ्यांत स्वस्तात होणारी नासधूस. टॉवेल दाबून पाणी टिपायचं, गुंता रुंद दातांच्या कंगव्याने शेंड्यापासून वर वर सोडवायचा. (सरळ आणि मऊ केस थोडे वाळल्यावर विंचरावेत. घट्ट कुरळे केस मात्र ओले आणि कंडिशनरने बुळबुळीत असतानाच सोडवलेले बरे, वाळल्यावर ते तुटतात.)

ऊन मुकाट्याने काम करतं. अतिनील किरण केसातली प्रथिनं आणि रंगद्रव्य दोन्ही मोडतात, म्हणून शेंडे तांबूस आणि राठ होतात. टोपी किंवा रुमाल यावर पुरेसा आहे.

कंडिशनर नेमकं काय करतो

माझ्या मते या सगळ्या बाजारातली खरी हुशार वस्तू कंडिशनर आहे. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार जास्त असतो. कंडिशनरमधले मुख्य रेणू धनभारित असतात. ते केसाकडे ओढले जातात, आणि जिथे झीज जास्त तिथे जास्त. जखम कुठे आहे हे त्यांना सांगावं लागत नाही. रेणूचं एक टोक केसाला चिकटतं आणि दुसरं, मेणासारखं लांब शेपूट, बाहेर राहतं. ही शेपटं एकमेकांवरून घसरतात. गेलेल्या १८-एमईएचं काम काही दिवसांपुरतं कोणीतरी बदली म्हणून करावं, तसं. पुढच्या धुण्यात यातलं बरंचसं निघून जातं, म्हणून दर धुण्यानंतर कंडिशनर लागतोच.

बाटलीच्या मागे बेहेनट्रायमोनियम किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड अशी नावं दिसली तर तेच हे धनभारित रेणू. सेटिल अल्कोहोल, सिटिअरिल अल्कोहोल यांतल्या ‘अल्कोहोल’ला घाबरू नका. ती मेणासारखी मऊ द्रव्यं आहेत, केस कोरडे करणारी नव्हेत. कंडिशनर टाळूला लावायची गरज नाही. कानाच्या खालपासून शेंड्यापर्यंत लावावा, बोटांनी पसरवावा, दोन-तीन मिनिटं थांबावं. तासभर डोक्यावर ठेवून काही जादा पदरात पडत नाही.

सिलिकोनची अकारण बदनामी झाली आहे. डायमेथिकोन, अमोडायमेथिकोन यांचा अतिपातळ थर खवल्यांमधल्या फटी भरून पृष्ठभाग सपाट करतो, घर्षण कमी करतो आणि ताबडतोब चमक देतो. तो केसाला गुदमरवत नाही, कारण मेलेला केस श्वास घेतच नाही. खरी तक्रार एवढीच, की फार सौम्य शाम्पूने काही प्रकार नीट निघत नाहीत आणि पुटं चढतात. त्यावर वरचा क्लॅरिफायिंग शाम्पू आहेच. सीरम असेल तर वाटाण्याएवढं घ्या, तळहातांवर पसरवा आणि फक्त खालच्या अर्ध्या भागाला लावा.

तेलाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात, आणि दोन्ही अर्धवट आहेत. सगळी तेलं सारखी नसतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. धुताना केसातून निघून जाणारं प्रथिन त्यांतल्या फक्त खोबरेलाने कमी केलं. त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं, केराटिनशी जवळीक असलेलं, म्हणून ते कवच ओलांडून आत शिरू शकतं. आत शिरलेलं तेल पाण्याला जागा देत नाही, केस कमी फुगतो. म्हणजे अशा तेलाचा खरा उपयोग धुण्यापूर्वी लावण्यात आहे. बाकीची बरीच तेलं वरच राहतात, घर्षण कमी करतात आणि तकाकी देतात. तेही काम वाईट नाही, फक्त त्याला दुरुस्ती म्हणू नये.

आता सामू, म्हणजे पदार्थ किती आम्ल आणि किती अल्कली हे सांगणारा आकडा. केस किंचित आम्ल स्थितीत सुखी असतो. सामू वाढला की त्याच्यावरचा ऋणभार वाढतो, खवले उचलले जातात, केस एकमेकांना ढकलतात. १२३ शाम्पूंची तपासणी करणारा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सामू ३.५ पासून ९ पर्यंत आढळला आणि ५.५ किंवा त्याहून कमी सामू असलेले शाम्पू जेमतेम ३८ टक्के निघाले. आंघोळीचा साबण तर नऊ-दहाच्या घरात जातो. साबणाने धुतलेले केस राठ होतात ते यामुळे. त्यात पाणी जड असेल तर साबणाचा साका केसांवर बसतो. खूप पाण्यात थोडा व्हिनेगर घालून शेवटी केस खंगाळण्याचा जुना उपाय चालतो तो याच कारणाने. मात्र साधा कंडिशनरही बहुधा आम्लच असतो, तेव्हा तो वापरत असाल तर व्हिनेगरची खटपट लागत नाही. खायचा सोडा डोक्याला लावू नका, तो नेमका उलट्या दिशेने नेतो.

थंड पाण्याने ‘खवले बंद होतात’ असं सर्रास सांगितलं जातं. खवले म्हणजे खिडक्या नव्हेत. ते सामू आणि ओलावा यांना प्रतिसाद देतात, पाणी थंड की कोमट याने फारसा फरक पडत नाही. कडकडीत पाणी टाळा, एवढंच.

उष्णता, आणि सलूनमधली खुर्ची

स्ट्रेटनरने केस तात्काळ चमकतात हे खरं आहे. खवले दाबले जातात, केस समांतर होतात, प्रकाश एका दिशेने परततो. हीच चमक पुढच्या महिन्यांत वसूल केली जाते. ओल्या केसावर तापलेली पट्टी फिरवली तर आतलं पाणी क्षणात वाफ होतं आणि केसात अक्षरशः बुडबुडे तयार होतात. वैद्यकीय भाषेत त्याला ‘बबल हेअर’ म्हणतात. कर्लिंगचा चिमटा १२५ अंश सेल्सियसवर मिनिटभर धरला तरी हे घडू शकतं. बुडबुडा असलेला केस तिथेच मोडतो. म्हणून केस पूर्ण वाळल्याशिवाय इस्त्री नाही, उष्णतारोधक स्प्रे आधी, तापमान शक्य तितकं कमी आणि एका बटेवर एकच फेरा.

ड्रायरची गोष्ट मात्र अपेक्षेपेक्षा वेगळी आहे. २०११ सालच्या एका कोरियन अभ्यासात पंधरा सेंटिमीटर अंतरावरून, सतत हलवत वापरलेल्या ड्रायरने पृष्ठभागाला इजा झाली, पण आपोआप वाळू दिलेल्या केसांत खवल्यांना जोडणारा आतला थर सुजलेला आढळला, कारण ते फार वेळ ओले राहिले होते. ड्रायर पाच सेंटिमीटरवर आणला तेव्हा हवा ९५ अंशांपर्यंत तापली आणि खवले सर्वाधिक बिघडले. लांब, दाट केस तासन् तास ओले राहत असतील तर ड्रायर हातभर लांब धरून वापरण्यात गुन्हा नाही.

सलूनमधलं ‘केराटिन ट्रीटमेंट’ हे नाव फसवं आहे. केस सरळ होतो तो केराटिन भरल्याने नव्हे. अशा अनेक उत्पादनांत फॉर्मल्डिहाइड किंवा ते सोडणारी द्रव्यं असतात, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. त्याऐवजी आलेल्या काही क्रीममध्ये ग्लायॉक्सिलिक आम्ल असतं. २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची नोंद आली. तीनदा केस सरळ करून घेतल्यावर तीनही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती, आणि वापरलेल्या क्रीममध्ये हे आम्ल होतं. खुर्चीत बसण्यापूर्वी डब्यावरची घटकद्रव्यं वाचायला मागावीत. दाखवायला टाळाटाळ झाली तर उठावं.

‘बाँड’ जोडणारी उत्पादनं गेल्या दहा-बारा वर्षांत आली. ब्लीचने मोडलेले गंधकाचे बंध आतून बांधून काढण्याचा त्यांचा दावा आहे. ब्लीच करतानाच वापरली तर तुटणं कमी होऊ शकतं, पण ती कॉर्टेक्ससाठी आहेत. चमकेसाठी त्यांच्यानंतरही कंडिशनर लागतोच. प्रथिनांचे मास्क फटी भरून केस थोडा भरदार करतात, धुतल्यावर ओसरतात, आणि अति केले तर केस काडीसारखे ताठ होतात.

आहाराबाबत थोडक्यात: गोळ्या खाऊन आजचा शेंडा चमकणार नाही, फरक पडला तर उद्या उगवणाऱ्या केसाला पडेल, तोही मुळात कमतरता असेल तरच. मात्र काहीही न करता मुळापासूनच केस राठ आणि निस्तेज येऊ लागले, सोबत गळती, थकवा किंवा वजनात बदल असेल, तर शाम्पू बदलत बसू नये. थायरॉइड आणि लोहाची तपासणी करून घ्यावी.

राहिले फाटे फुटलेले शेंडे. ते जोडले जात नाहीत. सीरम त्यांना पुढच्या धुण्यापर्यंत चिकटवून ठेवतं, तेवढंच. फाटा वर चढत जातो, म्हणून कात्री लावणं भाग आहे, पण लांबी गमवावी लागेल या धास्तीने ते पुढे ढकललं जातं. हिशोब करून बघा. तीन महिन्यांत केस तीन सेंटिमीटर वाढतो. त्यातला एक कापला तरी दोन उरतात. दर तीन महिन्यांनी असंच करत गेलात, तर वर्षात आठ सेंटिमीटर लांबी वाढते आणि चार सेंटिमीटर जुना, झिजलेला केस निघून जातो.